स्टिअरिंगचा प्ले: स्क्रूला हात लावायच्या आधी

ड्रायव्हरचे हात बघा. रस्ता सरळ आहे, गाडीही सरळ चाललीये, पण हात सारखे डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, आणि पुढच्या चाकांना त्याचा पत्ताच नाही. हा मोकळा ढिलेपणा म्हणजे प्ले. जुन्या गाड्यांमध्ये हे इतकं कॉमन आहे की बऱ्याच मालकांना वाटतं, व्हिंटेज म्हटलं की असंच चालणार. नवी होती तेव्हा ही गाडी अशी चालत नव्हती हो.

मग कोणीतरी सांगतंच, स्टिअरिंग बॉक्सवर, म्हणजे स्टिअरिंगच्या गिअरच्या पेटीवर, एक स्क्रू असतो, तो आवळ, झालं काम. त्या स्क्रूवर त्याला जागेवर धरणारा लॉकनट असतो. बघून ठेवा आणि सध्या विसरून जा.

कारण प्ले एका जागी नसतो. स्टिअरिंग व्हीलपासून चाकापर्यंत वर्म आणि सेक्टर (बॉक्समधले दोन गिअर), ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा दांडा), ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारा रॉड), टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या रॉडची) दोन टोकं, किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती पिन), बेअरिंग, एवढ्या जागा आहेत आणि प्रत्येक जागा थोडी थोडी झिजलेली असते. हिशोब करून बघा. ड्रॉप आर्म १५० मिलिमीटर लांब, बॉक्सचा रेशो १३:१ (व्हील १३ अंश फिरलं की ड्रॉप आर्म १ अंश) आणि स्टिअरिंग व्हील १७ इंची धरलं, तर ड्रॅग लिंकच्या एका बॉलमध्ये फक्त अर्धा मिलिमीटर ढिलेपणा असला तरी वर हाताला तो जवळजवळ ९ मिलिमीटर लागतो. असे तीन-चार जॉइंट झाले की बॉक्स बिचारा ठणठणीत असूनही शिव्या त्यालाच.

शोधायचं कसं, तर गाडी जमिनीवरच ठेवा, चाकांवर वजन असू दे. एकाने आत बसून व्हील अगदी थोडं, प्ले आहे तेवढंच, इकडे तिकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवायचं, अर्धं बोट एका पार्टवर आणि अर्धं दुसऱ्यावर. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. आणि हो, बॉक्स चेसिसला धरणाऱ्या बोल्टवरही बोट ठेवा, कधी कधी अख्खा बॉक्सच हलत असतो आणि लोक आतले गिअर बदलायला निघतात.

मग जॅक लावा, खाली स्टँड पाहिजेच, आणि चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर किंगपिन किंवा बेअरिंग. दोन्हीतलं कोणतं हे ठरवायला कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं बंद झालं तर बेअरिंग, तरीही हलतंय तर किंगपिन आणि बुश (पिन ज्यात बसते त्या नळ्या). नुसती पिन बदलून भागत नाही, बुशही नवे घालावे लागतात आणि वरचा-खालचा एका रेषेत रीम करावे (आतून कापून नेमक्या मापाचे करावे) लागतात, हे काम मशीन शॉपचं.

ड्रॅग लिंकच्या टोकाला स्प्रिंग आणि स्लॉटवाला प्लग असतो. तो पूर्ण आवळायचा आणि मग स्प्लिट पिनचं (प्लग फिरू नये म्हणून आरपार घालायच्या पिनचं) भोक जुळेपर्यंत थोडा मागे घ्यायचा. पण आधी बॉल बाहेर काढून व्हर्नियरने दोन बाजूंनी मोजा, कारण वर्षानुवर्षं एकाच दिशेने ढकलला गेलेला बॉल गोल राहत नाही, अंड्यासारखा होतो. असा बॉल सरळ असताना आवळून बसवला की वळताना अडकतो. बदलायचाच तो, दुसरा इलाज नाही.

आता बॉक्स. ड्रॅग लिंक सोडवून ठेवा म्हणजे फक्त बॉक्स हाताला लागेल. आधी कॉलम (व्हीलपासून बॉक्सपर्यंतचा दांडा) वर-खाली सरकतोय का ते बघा, तो प्ले शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून कमी करतात. त्यानंतर तो स्क्रू. गाडी जास्त वेळ सरळच चालते त्यामुळे वर्म मधोमध जास्त झिजतो, दोन्ही टोकांना कमी. म्हणून ॲडजस्टमेंट व्हील बरोब्बर मध्यावर ठेवूनच करायची, पाव पाव फेरा, आणि प्रत्येक वेळी एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, फिरवून बघायचं. टोकाकडे जड लागलं की थांबा, लगेच मागे या. मध्यातला प्ले पूर्ण घालवायच्या नादात टोकाला जाम झालेलं स्टिअरिंग वळणावरून परत सरळ येत नाही, आणि ते ढिल्यापेक्षा कितीतरी डेंजर. मला विचाराल तर दोन बोटं प्ले राहिलेला परवडला.

फोर्ड मॉडेल टीवाल्यांनी यातलं बॉक्सचं सगळं सोडून द्या, त्या गाडीचे रिडक्शन गिअर वरती, व्हीलच्या खालीच असतात. झीज तिथे शोधा.

बॉक्स गळतो म्हणून लोक त्यात घट्ट ग्रीस कोंबतात. वर्म ते बाजूला सारतो, ते परत येत नाही, आणि दात कोरडे चालतात. ज्या बॉक्सला गिअर ऑइल सांगितलंय त्यात गिअर ऑइलच घाला, सील नवं बसवा.

बाकी सगळं जोडताना स्प्लिट पिन नव्याच, जुन्या सरळ करून परत नकोत. आणि टाय रॉडचं टोक बदललं असेल तर टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते) हललेलंच असणार, रस्त्यावर काढायच्या आधी ते मोजून घ्या.