तीन फैरी

(पडद्यावर अंधार. आधी फक्त आवाज.)

हा पहिला आवाज फटाक्यांच्या माळेचा. त्यामागून येतोय तो बुटांचा. सकाळ आहे 21 ऑक्टोबर 2025 ची, आणि पोलीस स्मृतिदिनासाठी आपण बेळगावच्या पोलीस कवायत मैदानावर आहोत. शहरात आज घरोघरी लक्ष्मीपूजन. भिंतीपलीकडच्या गल्लीत पोरं पहाटेपासून जागी आहेत, त्यामुळं पुढं ऐकू येणारा प्रत्येक बार बंदुकीचाच असेल असं नाही. संकलनात ते फटाके काढून टाकता आले असते. आम्ही ठेवले. त्या सकाळी मैदानावर जे ऐकू येत होतं, ते असंच होतं.

(टोपीचं जवळून दृश्य.)

ही टोपी नीट बघून घ्या. एका बाजूची कड वर दुमडून बटणानं अडकवलेली, हनुवटीखाली पट्टा. कर्नाटकातला साधा पोलीस लांबून ओळखायचा तो हिच्यावरून. सीमाभागातल्या माणसाला तर राज्य कुठं बदललं हे पाटी वाचायच्या आधी हीच सांगायची. महाराष्ट्रातल्या शिनोळीहून बेळगावला येताना टोपी बदलली की समजायचं, आलो. या चित्रीकरणानंतर आठवड्याभरात, 28 ऑक्टोबरला, राज्य सरकारनं नव्या टोप्या आणल्या. ते काही आम्हाला आधी माहीत नव्हतं. पण या रांगेतल्या पोलिसांचा ही टोपी घालून पाळलेला हा बहुतेक शेवटचा स्मृतिदिन, आणि तो आमच्या कॅमेऱ्यात आला.

(मंडपावरचा कन्नड फलक.)

फलकावर कन्नडमध्ये लिहिलंय, 'पोलीस हुतात्मर दिनाचरणे', म्हणजे पोलीस हुतात्मा दिन. लिपी येत नसली तरी कानाला शब्द ओळखीचा लागतो. हुतात्मा. कन्नडमध्येही तोच, मराठीतही तोच.

आणि इथंच आपली गाडी अडते.

कारण बेळगावच्या मराठी घरात 'हुतात्मा' म्हटलं की डोळ्यांपुढं खाकी कपडे येत नाहीत. येतो हुतात्मा चौक. येते 17 जानेवारी, 1956 साली सीमाप्रश्नाच्या आंदोलनात गोळीबार झाला तो दिवस. येतं हिंडलग्याचं स्मारक आणि 1986 चा जून, कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन. दर वर्षी 1 जूनला लोक तिथं फुलं घेऊन जातात. आपल्याकडं हा शब्द पोलिसांच्या गोळीनं पडलेल्यांसाठी राखून ठेवलाय, आणि तो उगाच ठेवलेला नाही. मग त्याच शब्दापुढं 'पोलीस' लावलेला ऐकला की जीभ जराशी थांबते. हे निवेदन लिहिताना आमचीही थांबली.

(लडाखचा नकाशा. मग पुन्हा मैदान.)

हा दिवस मुळात बेळगावचा नाही, बंगळुरूचाही नाही. तो आलाय लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज नावाच्या जागेहून, साधारण सोळा हजार फुटांवरून. 1959 साल. तिबेटला लागून असलेल्या त्या सरहद्दीवर तेव्हा लष्कर नव्हतं, राखण पोलिसांकडं होती. हे आज कुणाला खरं वाटत नाही. पण चीनच्या सरहद्दीवर गस्त घालत होते ते पोलीसच.

20 ऑक्टोबरला लनक ला खिंडीच्या वाटेची पाहणी करायला तीन तुकड्या निघाल्या. दोन दुपारपर्यंत परत आल्या. तिसरीत दोन शिपाई आणि एक हमाल होता. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी करमसिंग नावाचे अधिकारी वीसेक जणांना घेऊन त्यांच्या शोधात निघाले. चिनी सैनिक डोंगरावर वरच्या अंगाला दबा धरून होते. वरून गोळ्या आल्या, हातबॉम्ब आले. खाली उघड्यावर आडोसा म्हणून काही नव्हतं. दहा पोलीस तिथंच पडले, सात जखमी चीनच्या हाती सापडले. त्या दहा जणांचे देह परत मिळायला 13 नोव्हेंबर उजाडला. मग हॉट स्प्रिंग्जलाच, त्या थंडीत, पोलिसी इतमामात त्यांना अग्नी दिला.

पुढच्या जानेवारीत सगळ्या राज्यांच्या पोलीसप्रमुखांच्या बैठकीत ठरलं, की 21 ऑक्टोबर देशभर पाळायचा. तेव्हापासून पाळतात. आजही दर वर्षी वेगवेगळ्या राज्यांचे पोलीस चालत त्या जागेपर्यंत जातात. दिल्लीत चाणक्यपुरीला 2018 साली राष्ट्रीय पोलीस स्मारक उभं राहिलं. तीस फूट उंच, 238 टनांचा ग्रॅनाइट, आणि भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कामावर असताना प्राण गेलेल्या 34 हजारांहून अधिक पोलिसांची नावं.

(शोक शस्त्र. हे दृश्य कापू नये, पूर्ण जाऊ द्यावं.)

आता जरा हळू बघा. 'शोक शस्त्र' असा हुकूम सुटतो. बंदूक एरवी खांद्यावर नाहीतर छातीसमोर असते, तोंड आकाशाकडं. या एका हुकुमाला ती उलटी होते. नळी खाली येते, तिचं टोक डाव्या बुटाच्या पंज्यावर टेकतं. दस्त्यावर एक तळवा, त्याच्यावर दुसरा. मग मान खाली. एवढं सगळं सावकाश करायचं असतं, आणि तेच अवघड. झटक्यात हालचाल करायची सवय लागलेल्या हातांना हळू व्हायला शिकवावं लागतं. चौथ्या ओळीतला तो कोवळा पोलीस बघा, त्याचा वरचा तळवा क्षणभर उशिरा पडला.

मग नावं. 1 सप्टेंबरपासून पुढच्या वर्षीच्या 31 ऑगस्टपर्यंतचा हिशेब. देशभरात गेलेले, त्यात आपल्या राज्यातले. हुद्दा, नाव. हुद्दा, नाव. सगळेच काही गोळीनं गेलेले नसतात. कुणी नाकाबंदीला उभा असताना भरधाव गाडीखाली येतो, कुणी पुराच्या पाण्यात जातो, कोरोनाच्या दोन वर्षांत तर यादी वाचून संपेना. राज्याच्या जुन्या याद्यांमध्ये चंदनतस्कर वीरप्पनच्या माणसांनी 1992 साली मारलेले पोलीस अधिकारी हरिकृष्ण आणि शकील अहमद आहेत. 2005 साली पावगड तालुक्यात नक्षलवाद्यांनी राज्य राखीव पोलीस दलाच्या तळावर रात्री हल्ला केला, त्यात गेलेले आहेत. पावगड इथून लांब, पार आंध्रच्या सरहद्दीला. पण राखीव दलाच्या माणसाला लांब-जवळ नसतंच. आपल्या मच्छेला याच दलाची दुसरी बटालियन आहे, कंग्राळीला प्रशिक्षण शाळा. बंदोबस्ताची ऑर्डर आली की वळकटी बांधायची आणि गाडीत चढायचं.

(बिगुल वाजवणारा. मागं आकाश.)

बेळगावकराला बिगुल नवा नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र याच शहरात आहे, त्या रेजिमेंटच्या मानचिन्हातच बिगुल आहे. कॅम्पाच्या आसपास राहणाऱ्यांची सकाळ त्याच्यावरच होते. सैन्यातलं मरणही इथं नवं नाही. बेळगाव, खानापूर, चंदगडाकडचा जवान गेला, की गावाच्या वेशीपासून माणसं उभी असतात. चौकात फलक लागतो, पुढं वेशीत कमान उभी राहते, शाळेची पोरं रांगेनं येतात.

त्याच गावातला पोलीस गेला तर?

आम्ही अशी एक कमान शोधत होतो, दाखवायला. या फिल्ममध्ये ती नाही.

पोलीस पोलिसांकडून मान मागत नाही, गावाकडून मागतो, असं एक निवृत्त हवालदार आम्हाला म्हणाले. मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसलेले, मफलर गुंडाळलेले, ते हेच. घरी मराठी, ठाण्यात कन्नड, अशी तीस वर्षं काढलेला माणूस. "आंदोलनाच्या दिवशी समोर कोण उभारलंय ते बघायचं नसतंय," एवढं म्हणाले आणि गप्प बसले. पुढं आम्ही विचारलं नाही. ते दृश्य जसं आहे तसंच ठेवलंय.

(तीन फैरी.)

एक.

दोन.

तीन.

पहिल्या फैरीला झाडावरची पाखरं उडाली. तिसरीला उडायला कुणी उरलं नव्हतं. भिंतीपलीकडं पोरांना वाटलं, इकडंही कुणीतरी फटाके लावतंय. त्यांनी उत्तरादाखल आणखी एक माळ पेटवली. मैदानावर कुणी हललं नाही.

(पुष्पचक्रं. पांढऱ्या साडीतल्या बाई.)

घरच्यांना मदत मिळते, मुलाला नोकरी मिळते, कधी लवकर, कधी उशिरा. 2 एप्रिलला पोलीस ध्वजदिन असतो. त्या दिवशी विकलेल्या छोट्या झेंड्यांचे पैसे पोलिसांच्या कल्याणनिधीला जातात.

पुष्पचक्रं झेंडूची आणि शेवंतीची. दिवाळीमुळं आज बाजारात फूल महाग. तरी एकही चक्र छोटं केलेलं दिसत नाही.

(मैदान रिकामं होतंय. दोन पोलीस वाकून काहीतरी शोधतायत.)

कार्यक्रम संपल्यावर लोक निघून जातात, कॅमेरेही बंद होतात. आमचा चालू राहिला तो चुकून. हे दोघं गवतात शोधतायत त्या रिकाम्या पुंगळ्या. सलामीची काडतुसं आवाजापुरतीच असली, तरी प्रत्येकाचा हिशेब लागतो. जितकी दिली तितक्या पुंगळ्या कोठारात परत जमा करायच्या. एक कमी पडतेय. दोघंही पुन्हा त्या ओळीतून चालत येतात, या वेळी आणखी हळू, जवळजवळ शोक शस्त्राच्या चालीनं.

सापडली. बुटाखाली मातीत दबलेली.

नऊ वाजत आलेत. दहाला गणपत गल्लीत बाजाराचा बंदोबस्त आहे.