खानेसुमारीतलं तफ्त

(दृश्य: अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती. भिंतीवरून बाहेर झुकलेली डाळिंबाची फांदी.)

भिंत जवळून पाहा. माती आणि भुसा कालवून केलेलं लिंपण. उन्हात भुशाच्या काड्या चमकताहेत. इथे याला काहगेल म्हणतात. काह म्हणजे भुसा आणि गेल म्हणजे माती. आपल्या गिलाव्यातला ‘गिल’ तो हाच.

हे तफ्त. इराणच्या यज्द प्रांतातलं, फार्सी बोलणारं छोटं शहर. यज्दपासून नैऋत्येला वीस-पंचवीस किलोमीटर. मागे उभा आहे चार हजार मीटरहून उंच शीरकूह. त्याच्यावरचं बर्फ वितळतं, पाणी जमिनीत मुरतं आणि कनात नावाच्या भुयारी पाटांनी उतारावरच्या बागांपर्यंत येतं. चारी बाजूंना वाळवंट, आणि मध्ये ही डाळिंबं. यज्दचे लोक उन्हाळ्यात गारव्याला इथे येतात.

2016 च्या शिरगणतीत तफ्त शहराची लोकसंख्या भरली 18,464. त्याआधी दहा वर्षांपूर्वी, 2006 मध्ये, ती 15,000 च्या थोडी वर होती. महाराष्ट्रात एवढ्या वस्तीच्या गावाला फार तर नगरपंचायत मिळते. तफ्तला मात्र शहरदारी आहे, म्हणजे नगरपालिका. लोक नगर परिषद निवडतात, परिषद शहरदार, म्हणजे नगरपालिकेचा प्रमुख, नेमते. शिवाय तफ्त हे शहरिस्तानचं मुख्य ठिकाण. शहरिस्तान म्हणजे साधारण आपला जिल्हा किंवा मोठा तालुका. त्याचा प्रमुख फरमानदार. तो निवडून येत नाही, सरकार नेमतं.

ही उतरंड मराठी कानाला परकी वाटत नाही. सगळ्यांत वर ओस्तान, म्हणजे प्रांत. असे 31. त्याखाली शहरिस्तान, मग बख्श, मग देहिस्तान. देह म्हणजे गाव. पेशवाईच्या कागदांत परगण्यातल्या गावांची यादी ‘देहझाडा’ म्हणून येते, त्यातलं देह हेच. आणि माणसं मोजण्याला आपले आजोबा ‘खानेसुमारी’ म्हणत. खाने म्हणजे घरं, शुमारी म्हणजे मोजणी. इराणात आज ‘सरशुमारी’ म्हणतात. सर म्हणजे डोकं. त्यांनी डोकी मोजली, आपण घरं मोजली. शब्द एकाच भाषेतले.

इराणची पहिली देशव्यापी शिरगणती 1956 ची. 2016 ची झाली मेहर आणि आबान या महिन्यांत, शरदात. ही नावं पारशी कॅलेंडरातही आहेत. तफ्तमध्ये हेच डाळिंब तोडायचे दिवस.

(दृश्य: जुन्या खानकाहचं, म्हणजे सूफी मठाचं, प्रवेशद्वार.)

पंधराव्या शतकात सूफी संत शाह निअमतुल्लाह वली इथे राहून गेले. हा खानकाह त्यांच्या नावाचा. बहमनी सुलतान अहमदशहाने त्यांना दख्खनमध्ये बोलावलं. त्यांनी नातवाला पाठवलं, पुढे मुलगाही आला. बीदरजवळची चौखंडी ही त्या मुलाची, खलीलुल्लाह यांची कबर. एवढ्याशा गावाचं नाव दख्खनच्या इतिहासात असं येऊन बसलं आहे.

पण तफ्तच्या आकड्याकडे पाहताना मला राहून राहून दुसरीच माणसं आठवतात. जी त्यात नाहीत ती.

(दृश्य: जरथुश्त्री मोहल्ला. बसकी, एकमजली घरं.)

यज्दचा हा परिसर जरथुश्त्र्यांचं, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या लोकांचं, जुनं ठिकाण. तफ्तमध्ये आणि आसपासच्या खेड्यांत त्यांची वस्ती पूर्वापार. बाहेर फार्सी, घरात त्यांची स्वतःची बोली. कित्येक पिढ्या त्यांना घरावर दुसरा मजला चढवायची मनाई होती. ही बसकी घरं त्याचीच खूण. वर जिझिया कर. 1854 मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला पाठवलं. त्यांनी वर्षानुवर्षं अर्जविनंत्या केल्या, शाळा काढल्या, आणि 1882 मध्ये नासिरुद्दीन शहाने जिझिया उठवला. तोवर अनेकांनी गाव सोडलं होतं, आणि नंतरही लोक मुंबईची वाट धरत राहिले. छळ होता, दुष्काळ होते, आणि मुंबईत काम होतं. पुढे त्यांनी मुंबई-पुण्यात हॉटेलं काढली, बेकऱ्या काढल्या. ब्रुन-मस्का आणि पानी-कम चहा आपण ज्यांच्या टेबलावर खाल्ला-प्यालो, त्यांच्यातली कित्येक घराणी यज्द आणि भोवतालच्या गावांतली.

ही माणसं कुठल्याच शहरिस्तानच्या यादीत येत नाहीत. शिरगणती राहणाऱ्यांची होते, गेलेल्यांची होत नाही. ते रास्तच आहे. पाणी, शाळा, दवाखाना हे सगळं राहणाऱ्यांनाच पुरवायचं असतं. तरी 18,464 हा आकडा वाचताना त्यामागची रिकामी घरं डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाहीत.

गाव नावात तेवढं उरतं. इराणात तफ्त सोडून दुसऱ्या शहरात गेलेल्या काही कुटुंबांचं आडनाव अजून ‘तफ्ती’ आहे. मुंबईला आलेल्यांच्या नावामागे मात्र बहुधा देशच लागला. इराणी.

(दृश्य: डहाणू-घोलवड. सकाळ. चिकूची वाडी.)

समुद्राकाठच्या या वाड्यांत अनेक वाड्या इराणी कुटुंबांच्या. बागाईत त्यांना नवी नव्हती. झाड नवं होतं.