एकच माणूस, दोन मोजमापं: विदिन-सब्जेक्ट डिझाइनमधलं मीडिएशन आणि मॉडरेशन

(पडद्यावर: रिकामी स्क्रीन, मग वीस ओळींचं छोटं कोष्टक)

आर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडून त्यात नुसतं स्लीप असं टाइप केलं की वीस ओळींचं एक कोष्टक समोर येतं. झोपेची दोन औषधं, आणि कुठल्या औषधाने कोणाची झोप किती तासांनी वाढली त्याचे आकडे. कुश्नी आणि पीबल्स या दोघांनी हे आकडे 1905 साली छापले, पेशंट अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या एका मनोरुग्णालयातले. तीन वर्षांनी, 1908 मध्ये, डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने स्टुडंट या टोपणनावाने जो पेपर लिहिला, ज्याच्यातून आपली टी टेस्ट आली, त्यात त्याने हेच आकडे उदाहरण म्हणून घेतले.

आता कोष्टकात ओळी वीस आहेत, पण माणसं दहाच आहेत. प्रत्येकाने दोन्ही औषधं घेतलीयत. पहिल्या औषधाने झोप सरासरी 0.75 तास वाढली, दुसऱ्याने 2.33 तास, म्हणजे फरक 1.58 तासांचा. हेच वीस आकडे तुम्ही वीस वेगवेगळ्या माणसांचे समजून टी टेस्ट केली तर टी येतो 1.86 आणि पी (खरा फरक नसताना, नुसत्या योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) साधारण 0.08, म्हणजे काही ठाम सांगता येत नाही. आणि प्रत्येक माणसाचा स्वतःचा फरक काढून, त्या दहा फरकांवर टेस्ट केली तर टी येतो 4.06, पी 0.003 च्या आसपास. डेटा तोच, आकडे तेच. मग बदललं काय? एखाद्याला मुळातच कुठल्याही औषधाने झोप जास्त लागते आणि एखाद्याला कशानेच लागत नाही, हा माणसामाणसातला फरक वजाबाकी केल्यावर निघून गेला.

एकाच माणसाला दोन्ही परिस्थितीत मोजायचं, याला विदिन-सब्जेक्ट डिझाइन म्हणतात. सायकॉलॉजीच्या लॅबमध्ये तर हे रोजचंच आहे, स्ट्रूप टेस्ट घ्या, मेमरीचे प्रयोग घ्या, रिअ‍ॅक्शन टाइम घ्या. फरकांवर केलेली ही पेअर्ड टी टेस्ट सगळ्यांना येते, एम.ए.च्या पहिल्या वर्षातच शिकवतात. अडचण त्याच्या पुढे सुरू होते, जेव्हा गाइड विचारतात की परिणाम झाला हे दिसलं, पण तो कशामुळे झाला आणि कोणावर जास्त झाला? कशामुळे हा मीडिएशनचा प्रश्न आणि कोणावर जास्त हा मॉडरेशनचा. आणि इथे मी खूप पोरापोरींना अडलेलं बघितलंय, कारण मीडिएशन शिकवलं जातं ते जवळपास कायम दोन वेगळ्या गटांच्या उदाहरणाने, बॅरन आणि केनी यांच्या 1986 च्या पेपरपासून आलेली ती त्रिकोणाची आकृती, एक्स म्हणजे परिस्थिती, एम म्हणजे मधला दुवा, वाय म्हणजे शेवटचा परिणाम, एक्सकडून एमकडे बाण, एमकडून वायकडे बाण. मग आपला डेटा विदिन-सब्जेक्ट असला तरी लोक काय करतात, दोन्ही परिस्थितीतले आकडे एकाखाली एक रचतात, शून्य-एक असा एक्सचा कॉलम करतात आणि नेहमीचं मीडिएशन चालवतात. 22 माणसांच्या 44 ओळी होतात आणि सॉफ्टवेअर बिचारं त्यांना 44 माणसं समजतं.

हे झालंय का ते ओळखायला सोपं आहे. आउटपुटमध्ये डिग्रीज ऑफ फ्रीडम बघा, म्हणजे ओळींच्या संख्येतून मॉडेलने मोजलेल्या गोष्टींची संख्या वजा केली की उरतो तो आकडा. 44 ओळी रचून वायसाठी एक्स आणि एम टाकून रिग्रेशन केलं असेल तर तिथे 41 दिसेल. बरोबर केलं असेल तर 22 माणसांवर 19. हे 19 कुठून येतात ते आता बघू.

(पडद्यावर: औषधाच्या दोन बाटल्या, एकीवर सोपं नाव, दुसरीवर जिभेला न वळणारं)

उदाहरण खरं घेऊ. सिमोन डोहले आणि मायकेल सीग्रिस्ट यांनी 2014 मध्ये एक अभ्यास छापला, औषधाचं नाव उच्चारायला अवघड असलं तर लोकांना ते औषध जास्त धोक्याचं वाटतं का, आणि मग ते विकत घ्यायची तयारी कमी होते का. नावं सगळी बनवलेली, औषधं खरी नव्हतीच. त्यातल्या एका प्रयोगात 22 जण होते आणि प्रत्येकाने सोपी आणि अवघड अशी दोन्ही प्रकारची नावं बघितली, धोका किती वाटतो ते सांगितलं, घ्याल का तेही सांगितलं. हाच डेटा पुढे अमांडा मोंटोया आणि अँड्र्यू हेज यांनी 2017 मध्ये सायकॉलॉजिकल मेथड्स या जर्नलमधल्या पेपरात वापरला, आणि विदिन-सब्जेक्ट मीडिएशन शिकायचं असेल तर मी तरी हाच पेपर आधी हातात देईन. (आपल्याकडे कोणी हा प्रयोग देवनागरीत करून बघायला हवा असं मला फार वाटतं, कारण मराठीत अवघड नाव म्हणजे नक्की कुठलं, जोडाक्षरांचं की लांबलचक, हे आधी ठरवावं लागेल आणि तेवढ्यावरच एक छान डेझर्टेशन होईल.)

तर आता वजाबाकी. प्रत्येक माणसासाठी तीन नवे कॉलम करायचे. एक, वायचा फरक, म्हणजे अवघड नावाला घ्यायची तयारी वजा सोप्या नावाला घ्यायची तयारी. दोन, एमचा फरक, अवघड नावाला वाटलेला धोका वजा सोप्या नावाला वाटलेला धोका. तीन, त्या माणसाच्या दोन्ही धोक्यांची सरासरी, आणि त्यातून सगळ्या माणसांची मिळून येणारी सरासरी वजा करून सेंटर केलेली. हे काम कृपा करून एकदा तरी एक्सेलमध्ये स्वतःच्या हाताने करा, मॅक्रो नंतर चालवा. ज्यांनी हे कॉलम स्वतः बनवलेत त्यांना पुढचं आउटपुट वाचता येतं.

मग तीन इक्वेशन. पहिलं, वायचा फरक, आणि त्याला प्रेडिक्टर (ज्यावरून अंदाज बांधायचा तो कॉलम) कुठलाच नाही, फक्त इंटरसेप्ट, म्हणजे प्रेडिक्टर शून्य असताना येणारा आकडा. हा इंटरसेप्ट म्हणजे सी, टोटल इफेक्ट, आणि हीच आपली पेअर्ड टी टेस्ट. दुसरं, एमचा फरक, पुन्हा फक्त इंटरसेप्ट, तो ए. तिसरं, वायचा फरक, आणि आता प्रेडिक्टर दोन, एमचा फरक आणि ती सेंटर केलेली सरासरी. एमच्या फरकाचा कोइफिशंट (उतार) म्हणजे बी, आणि इंटरसेप्ट म्हणजे सी प्राइम, डायरेक्ट इफेक्ट. तिसऱ्यात आपण तीन गोष्टी मोजल्या, इंटरसेप्ट आणि दोन उतार, म्हणून 22 वजा 3, 19.

इथे शिकणारा हमखास थांबतो आणि विचारतो, एक्स कुठे गेला? आकृतीत तर एक्सकडूनच बाण निघत होते आणि रिग्रेशनमध्ये एक्सचा कॉलमच नाही! एक्स वजाबाकीतच आहे. अवघड वजा सोपं असं आपण केलं तेव्हाच एक्स वापरला गेला, म्हणून त्याचा परिणाम कुठल्या उताराने सांगितला जात नाही, इंटरसेप्ट सांगतो. एरवी इंटरसेप्टकडे कोणी बघतही नाही, पेपरात तो टेबलच्या पहिल्या ओळीत पडून असतो, आणि इथे मात्र सी, ए आणि सी प्राइम तिन्ही इंटरसेप्टच आहेत. हे एकदा नीट बसलं की बाकीचं पटापट उलगडतं.

आकड्यांनी बघू, हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेत. अवघड नावाला धोका सरासरी 1.2 ने जास्त वाटला, म्हणजे ए 1.2. ज्याला धोका जितका जास्त वाढल्यासारखा वाटला त्याची तयारी एका गुणामागे 0.5 ने कमी झाली, म्हणजे बी उणे 0.5. गुणाकार उणे 0.6, हा इनडायरेक्ट इफेक्ट. एकूण तयारी 1 ने घटली असेल तर उरलेली उणे 0.4 हा डायरेक्ट इफेक्ट. बेरीज तंतोतंत जुळते, आणि ती जुळते कारण आपण ती सरासरी सेंटर केली होती.

ती सरासरी मुळात टाकायचीच कशाला, हाही चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं. समजा सोप्या नावांमध्ये धोका आणि तयारी यांच्या नात्याचा उतार एक आहे आणि अवघड नावांमध्ये वेगळा. दोन्ही इक्वेशन लिहून एकातून दुसरं वजा करा, कागदावर पाच ओळींचं गणित आहे. बी निघतो दोन्ही उतारांची सरासरी, आणि त्या सेंटर केलेल्या सरासरीचा कोइफिशंट निघतो दोन्ही उतारांमधला फरक. म्हणजे परिस्थिती बदलल्यावर एम आणि वायचं नातंच बदलतं का, हे तो एक आकडा सांगतो. ही युक्ती जड, केनी आणि मॅक्लेलंड यांच्या 2001 च्या पेपरातली आहे, सायकॉलॉजिकल मेथड्समध्येच आलेला. फक्त त्यांची पद्धत पायरीपायरीने जायची, वायमध्ये फरक आहे का, एममध्ये आहे का, एमचा फरक वायच्या फरकाशी जोडलेला आहे का, आणि इनडायरेक्ट इफेक्टचा स्वतःचा असा एक अंदाज आणि त्याचा इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, त्यात मिळत नव्हता. मोंटोया आणि हेज यांनी तेच सगळं पाथ अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे बाणांच्या आकृतीतल्या इक्वेशनमध्ये, बसवलं आणि ए गुणिले बी वर सरळ बोट ठेवलं.

त्या गुणाकाराचा इंटरव्हल बूटस्ट्रॅपने काढतात. दोन आकड्यांचा गुणाकार सहसा एका बाजूला कललेला असतो, नॉर्मल वक्र धरून चालत नाही, आणि सॅम्पल 22 चं असेल तर अजिबातच नाही. म्हणून 22 माणसांतूनच परत परत 22 ची चिठ्ठी काढायची, एकच माणूस दोनदा आला तरी चालतं, दर वेळी ए आणि बी नव्याने काढायचे, असं 5000 वेळा, आणि मग खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के कापायचे. चिठ्ठी माणसाची काढायची, ओळीची नाही, त्याचे दोन्ही आकडे त्याच्यासोबतच यायला हवेत. उरलेल्या पट्ट्यात शून्य नसेल तर इनडायरेक्ट इफेक्टला आधार आहे.

हे सगळं एका कमांडमध्ये करणारा मोंटोया यांचा मॅक्रो आहे मेमोर, एसपीएसएस आणि सॅससाठी, फुकट. आरमध्ये जेएसमीडिएशन नावाचं पॅकेज आहे, त्यात विदिनचं फंक्शन वेगळं दिलंय. मेमोरमध्ये व्हेरिएबल कुठल्या क्रमाने लिहिता त्याच क्रमाने वजाबाकी होते, वायचा क्रम आणि एमचा क्रम उलटसुलट झाला तर बीचं चिन्ह फिरतं आणि थिअरी उलटी सिद्ध झाल्यासारखी दिसते. म्हणून आउटपुटच्या वर कोण वजा कोण हे छापून येतं ते आधी वाचा.

(पडद्यावर: एकाच व्यक्तीचे दोन फॉर्म, एकावर सकाळची वेळ, दुसऱ्यावर दुपारची)

वजाबाकीने काय जातं आणि काय जात नाही हे स्पष्ट बोलायला हवं. माणसाचा स्वभाव, वय, शिक्षण, जे दोन्ही वेळी सारखंच असतं त्याचा दोन्ही मोजमापांवर सारखाच पडणारा भार जातो. पण दुसऱ्या फेरीत आलेला थकवा, पहिल्या फेरीत झालेली सवय, संशोधकाला काय हवंय याचा एव्हाना आलेला अंदाज, यातलं काहीच जात नाही. म्हणून अर्ध्यांना आधी सोपं, अर्ध्यांना आधी अवघड, हे काउंटरबॅलन्सिंग प्रयोगाच्या आधीच करायला लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, औषधाचं नाव संशोधकाने बदललं, पण धोका त्याने बदललेला नाही, धोका लोकांना वाटला. त्यामुळे एक्सकडून एमकडे जाणारा जो ए चा बाण आहे तो प्रयोगाच्या जोरावर उभा आहे आणि बी चा बाण मात्र शेवटी सहसंबंधावरच उभा आहे. धोक्यासोबत नावाची चीडही वाढली असेल आणि खरं काम चिडीने केलं असेल, हे हा डेटा नाकारू शकत नाही. थीसिसमध्ये धोक्यामुळे तयारी घटली असं ठोकून लिहिण्याआधी हे वाक्य लिहायलाच हवं, आणि परीक्षकांनीही ते मागायला हवं.

मॉडरेशन त्या मानाने सोपं आहे. समजा तुम्हाला बघायचंय की तब्येतीची काळजी जास्त करणाऱ्यांवर अवघड नावाचा परिणाम जास्त होतो का. काळजीचा स्कोअर प्रत्येकाचा एकच, तो दोन परिस्थितीत बदलत नाही. वायचा फरक घ्या आणि त्याला काळजी हा एकच प्रेडिक्टर द्या, बस. एरवी मॉडरेशनला गुणाकाराची टर्म लागते, इथे लागत नाही, कारण फरक हाच एक्सचा परिणाम आहे आणि तो काळजीप्रमाणे बदलतो का एवढंच विचारायचंय. उतार शून्यापासून लांब असेल तर मॉडरेशन आहे. मग इंटरसेप्ट अधिक उतार गुणिले काळजी, असं करून कुठल्याही स्कोअरला परिणाम किती ते काढता येतं. आणि कमी, मध्यम, जास्त असे तीन मनाचे बिंदू निवडण्यापेक्षा जॉन्सन आणि नेमन यांची 1936 ची पद्धत वापरा, ती सांगते की नक्की कुठल्या स्कोअरपासून पुढे परिणाम शून्यापेक्षा वेगळा ठरतो. मेमोर तो बिंदू काढून देतो. फक्त त्या बिंदूच्या पलीकडे तुमच्या सॅम्पलमधली माणसं किती आहेत तेही मोजा, कारण कधीकधी तिथे दोघंच असतात.

हे सगळं दोन परिस्थितींसाठी आहे. तीन किंवा जास्त झाल्या, किंवा एकेका माणसाचे चाळीस ट्रायल असले आणि सरासरी न काढता सगळे वापरायचे असले, तर एकच वजाबाकी पुरत नाही, तिथे मल्टिलेव्हल मॉडेल लागतात, म्हणजे माणूस आणि त्याच्या आतली मोजमापं असे दोन्ही स्तर एकत्र धरणारी. केनी, कोर्चमारोस आणि बोल्जर यांचा 2003 चा पेपर आणि बाउर, प्रीचर आणि गिल यांचा 2006 चा, तिथून सुरुवात करा. त्यात ए आणि बी माणसागणिक बदलू शकतात, आणि ते एकत्र बदलत असतील तर सरासरी इनडायरेक्ट इफेक्ट म्हणजे नुसता ए गुणिले बी राहत नाही, त्यात दोघांचा कोव्हेरिअन्सही (ते एकत्र किती बदलतात त्याचं माप) मिळवावा लागतो.