दगडी पुन्हा का उलटते?

(दृश्य: यावल तालुक्यातला गोठा. पहाटेची धार.)

धार काढण्याआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर घेतल्या आहेत. तीन सडांचं दूध स्वच्छ. चौथ्यात बारीक पांढऱ्या गुठळ्या. ही दगडी, म्हणजेच कासदाह. सडात औषधाच्या नळ्या सोडून झाल्या, मधे दूध निवळलंही, आणि आता तोच सड पुन्हा धरलाय. खानदेशात दुभतं जनावर पाळणाऱ्या घरांना हे नवं नाही. दोष औषधाला दिला जातो, डॉक्टरांना दिला जातो. पण कित्येकदा जंतू औषधाच्या आवाक्यातच नसतो. तो कासेच्या पेशींच्या आत जाऊन बसलेला असतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचं अस्तर.)

कासेला आतून पेशींचं अस्तर असतं. आपल्या आतड्याला असतं, तसंच. दगडीचा एक मोठा कारणीभूत जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. हे अस्तर ओलांडायला तो जनावराचंच प्रथिन वापरतो. फायब्रोनेक्टिन हे प्रथिन रक्तात आणि ऊतींमध्ये असतंच. जंतूच्या अंगावरची प्रथिनं ते पकडतात, आणि तेच फायब्रोनेक्टिन पेशीच्या आवरणावरच्या इंटिग्रिन या प्रथिनांना चिकटतं. इंटिग्रिन एका जागी गोळा झाले की पेशीच्या आतले अ‍ॅक्टिनचे धागे हलू लागतात, आवरण जंतूभोवती गोधडीसारखं लपेटलं जातं आणि पेशी स्वतःच त्याला आत घेते.

एवढ्याशा पकडीत केवढी ताकद असते, ते 1985 साली दिसलं. राल्फ इसबर्ग आणि स्टॅन्ली फाल्को यांनी यर्सिनिया या जंतूचं एकच जनुक प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी ई. कोलायमध्ये घातलं. तो ई. कोलायही पेशींत शिरू लागला! एका जनुकावर हे घडावं, याचं आजही नवल वाटतं.

साल्मोनेला हा आतड्यात शिरणारा जंतू मात्र पकडीवर थांबत नाही. माणसाचं आतडं असो की वासराचं, तो सुईसारख्या अवयवातून आपली प्रथिनं थेट पेशीत टोचतो. पेशीचं आवरण उसळतं आणि भोवतीच्या द्रवासकट जंतूला गिळतं.

जंतू पेशीवरच्या ज्या प्रथिनाला चिकटतो, ते कुलूप प्रत्येक प्राण्यात सारखं नसतं, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. लिस्टेरिया या जंतूचं इंटरनॅलिन हे प्रथिन माणसाच्या आणि गिनीपिगच्या पेशींवरच्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटतं, उंदराच्या नाही. 1999 साली कारण सापडलं: उंदराच्या ई-कॅडहेरिनमधलं 16व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल वेगळं आहे.

(दृश्य: पुन्हा गोठा. मालक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतोय.)

पेनिसिलिन, जेंटामायसिन ही औषधं पेशीच्या आत पुरेशी पोचत नाहीत. आतले काही जंतू वाढ मंदावून तग धरतात आणि पुढे बाहेर पडतात. म्हणून त्यांना सडाच्या तोंडाशीच अडवावं लागतं. धार काढल्यावर सडाचं छिद्र साधारण अर्धा तास पूर्ण मिटत नाही. तेवढा वेळ जनावर शेणामुतात बसता कामा नये. सड द्रावणात बुडवून झाले की सरकीची ढेप आणि ज्वारीचा कडबा तेव्हाच गव्हाणीत टाकायचा, म्हणजे ते खात उभं राहतं. दगडी झालेलं जनावर सगळ्यात शेवटी पिळायचं, त्याचा बिघडलेला सडही शेवटी, आणि त्या धारा जमिनीवर सोडायच्या नाहीत.