ऑनलाइन वंशावळीतली एकेक जोड कशी तपासायची?

नमस्कार. इंटरनेटवर आडनाव आणि गाव टाकलं, की कधी कधी बारा पिढ्यांची वंशावळ तयारच मिळते. सगळ्यात वर पेशवाईतला एखादा सरदार, सगळ्यात खाली तुमचे पणजोबा. ही वंशावळ घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी थोडं थांबा.

त्यातला सरदार खरा असेल आणि पणजोबा तर खरेच आहेत. घोळ असतो तो मधल्या रेघेत. 'याचा बाप हा' असं सांगणारी प्रत्येक रेघ वेगळी तपासावी लागते आणि प्रत्येक रेघेला तिचा स्वतःचा कागद लागतो. बारा पिढ्या म्हणजे अकरा रेघा. त्यातली एक जरी तुटली, तरी तिच्या वरचं सगळं दुसऱ्याच घराण्याचं असू शकतं.

आधी हे झाड, म्हणजे ही वंशावळ, आलं कुठून ते बघा. फॅमिलीसर्च आणि जेनी या वंशावळीच्या संकेतस्थळांवर सगळ्यांचं मिळून एकच झाड असतं. ज्याला वाटेल तो त्यात नाव जोडतो, बदलतो. मायहेरिटेजवर प्रत्येकाचं झाड वेगळं असतं, पण जुळणारी नावं यंत्र सुचवतं आणि लोक 'हो' म्हणून उचलतात. त्यामुळे एकच पूर्वज दहा झाडांत दिसला म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असं होत नाही. बहुतेक वेळा एकाचीच नक्कल नऊ जणांनी केलेली असते. व्यक्तीच्या पानावर 'सोर्सेस' उघडा. तिथे दुसऱ्या झाडाचाच दुवा असेल, तर ती जागा रिकामी समजा.

मग थोडं गणित. एक पिढी साधारण 25 ते 30 वर्षांची धरा. 1760 च्या सुमारास जन्मलेला माणूस आणि 2000 साली जन्मलेला मुलगा यांच्यात 8 ते 10 पिढ्यांचं अंतर हवं. झाडात पाचच दिसत असतील, तर मधले लोक गळलेत. आपल्याकडे हे फार होतं, कारण नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. रामाचा शिवा, शिवाचा रामा, त्याचा पुन्हा शिवा. झाड करणाऱ्याने दोन रामांना एक केलं, की दोन पिढ्या गेल्या.

तारखांचंही तसंच. जन्मतारीख 1 जून दिसली, तर ती बहुधा शाळेत नाव घालताना अंदाजाने लिहिलेली असते. वर्ष ढोबळ धरा, दिवस सोडून द्या. जुन्या कागदावरचा सन कुठला, हे तर आधी विचारा. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची. तेव्हा शके होता 1682 आणि पेशवाईच्या कागदांत दिसणारा सुहूर सन 1161. कुणी शके 1682 ला इसवी सन समजलं, तर तो माणूस 79 वर्षं, म्हणजे जवळजवळ तीन पिढ्या मागे जातो. शकात 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर 79. सुहूर सनात 599 किंवा 600. मराठवाड्यातल्या फसलीत, म्हणजे जमीन महसुलाच्या सनात, 590 किंवा 591.

आता कागद. शेतकरी घराण्यासाठी फेरफाराइतका, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीइतका, उपयोगी कागद दुसरा नाही. सातबारावर फेरफार क्रमांक असतात. त्यातला वारस फेरफार शोधा. त्यात कोण कधी वारलं, मागे कोण राहिलं आणि त्यांचं नातं काय, हे लिहिलेलं असतं. तुम्हाला हवी असलेली रेघ इथे सरकारी नोंदीत मिळते. त्या फेरफारातून आधीचा, त्यातून त्याच्या आधीचा, असं मागे जा. स्कॅन झालेले काही जुने उतारे 'आपले अभिलेख' पोर्टलवर मिळतात. बाकीसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. जुन्या मुंबई इलाख्यात ही साखळी 1903 च्या हक्कनोंदणी कायद्यानंतरच सुरू होते. मराठवाड्यात 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीचा जुना हक्काचा कागद, बघा. मधेच नंबर जुळेनासा झाला, तर घाबरू नका. जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या योजनेत, म्हणजे एकत्रीकरणात, सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घेतला की जुना नंबर सापडतो.

हे उतारे वाचताना चार खुणा पाठ करा. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'सखू कोम रामा' ही रामाची मुलगी नव्हे. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाचा पालनकर्ता, मग ती आई असू शकते किंवा चुलताही. आणि 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. इथे सगळ्यात मोठी गफलत होते. उताऱ्यावर थोरल्या भावाचं एकट्याचं नाव दिसतं आणि धाकट्यांना वंशावळीतून काढून टाकलं जातं. तसंच 1956 च्या वारसा कायद्याआधीच्या फेरफारात मुलींची नावं बहुधा नसतात. नाव नाही म्हणून मुलगी नव्हतीच, असं लिहू नका. हा अन्याय आपल्या हातून पुन्हा होऊ नये.

2023 पासून शोधलेल्या कुणबी नोंदी अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. त्यात जन्ममृत्यूचा गाव नमुना 14 आहे, शाळांची रजिस्टरं आहेत. यातल्या पुष्कळ नोंदींत आडनावच नसतं. 'राणू बिन सटवा' एका गावात तीन निघू शकतात. त्यातला आपला कोणता, हे नाव, बापाचं नाव, गाव आणि जमिनीचा नंबर या चारही गोष्टी जुळल्यावरच ठरवा. आडनावावर भिस्त ठेवू नका. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही वतनं, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे हुद्दे, होती, आणि '-कर' लावणारी एका गावातून निघालेली अनेक घराणी आहेत.

जुन्या मोडी लिपीतल्या कागदाचं लिप्यंतर आयतं मिळालं, तरी मूळ पानाचं छायाचित्र मागा. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. दोन नावांची संधी कुठे तोडायची, हे वाचणारा ठरवतो. शंका असेल तर दुसऱ्या मोडी वाचकाकडून, पहिलं वाचन न दाखवता, वाचून घ्या.

नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्याही बघा. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याची वही निघते. यात्रेकरूने भाऊ आणि मुलं म्हणून सांगितलेली नावं पक्की धरा. पणजोबांच्या वरची नावं त्याने आठवून सांगितलेली असतात, त्यांना दुसरा आधार शोधा.

दत्तक गेलेल्या मुलाच्या दोन रेघा काढा: जन्मदात्या बापाकडे एक, दत्तक घेणाऱ्याकडे एक. झाडात एकच दिसली, तर दुसरी शोधायची राहिली आहे.

ज्या रेघेला कागद मिळत नाही, ती तुटक काढा आणि शेजारी लिहा: कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला. सामायिक झाडातली चूक दुरुस्त करताना आधी फेरफाराचं छायाचित्र जोडा, बदलाचं कारण मराठीत आणि इंग्रजीत लिहा, जोड बदला त्यानंतर. कागद न लावता बदललंत, तर पुढच्या आठवड्यात कुणीतरी जुना सरदार पुन्हा तिथे आणून बसवेल.