आलय सोडा, ग्रंथ सोडू नका

(ग्रंथपाल दिनाच्या कार्यक्रमातलं भाषण, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलेलं)

मागे ऐकू येतंय ना? बरं. आज १२ ऑगस्ट, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिवस म्हणून आपण ग्रंथपाल दिन पाळतो, त्यामुळे हॉलमधले बहुतेक सगळे आपल्याच क्षेत्रातले आहेत, एक्सेशन रजिस्टर (आलेल्या पुस्तकांची नोंदवही) म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको. विषय पत्रिकेवर छापलाय, विभागाचं नाव बदलायचं का. प्रस्ताव तुम्ही वाचलाच असेल, 'ग्रंथालय आणि माहितीशास्त्र विभाग' यातलं ग्रंथालय काढायचं आणि नुसतं 'माहितीशास्त्र विभाग' ठेवायचं. मला बोलायला पंचवीस मिनिटं दिलीत, तर आधीच सांगून टाकते, नाव बदलावं असं मलाही वाटतं, पण हे नाव नको. कुठलं हवं ते शेवटी सांगते, कारण आधी थोडा इतिहास ऐकवल्याशिवाय ते पटणार नाही.

आपल्या विषयाचं नाव पहिल्यापासूनच अस्थिर आहे. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात पहिली शाळा काढली तिचं नाव होतं 'स्कूल ऑफ लायब्ररी इकॉनॉमी'. इकॉनॉमी म्हणजे अर्थशास्त्र नव्हे हां, घर चालवण्याची व्यवस्था या जुन्या अर्थाने. पहिल्या वर्गात वीस विद्यार्थी आणि त्यातल्या सतरा बायका! कॉलेजच्या विश्वस्तांना बायका चालत नव्हत्या, वर्गखोली दिली नाही, तर यांनी एका अडगळीच्या खोलीत वर्ग भरवला. मी हे दरवर्षी पहिल्या लेक्चरला सांगायचे आणि समोरच्या बाकावरच्या मुलींकडे बघून सांगायचे, की आपला विषय अडगळीच्या खोलीत सुरू झालाय, विभागाला तळमजला मिळाला म्हणून तोंड पाडून बसू नका. (हशा) दोनच वर्षांत ती शाळा ऑल्बनीला गेली, नाव बदललं, पुढे १९२६ मध्ये परत कोलंबियात आली, आणि १९९२ मध्ये बंदच पडली.

आपल्याकडे बघा. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं, १९११ मध्ये तिथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला, आणि 'लायब्ररी मिसलेनी' नावाचं नियतकालिक निघायचं त्यात इंग्रजीच्या जोडीला गुजराती आणि मराठी विभागही होता. पण मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू, त्या पेट्या. फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या, पुस्तकं भरायची, कुलूप लावायचं, गावाला पाठवायची, तिथली वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच आपलं ग्रंथालय इमारतीतून उठून बाहेर पडलं होतं. ही पेटी लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आणि बडोद्याचं सांगितलं की कोल्हापूरचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला, या उपखंडातला पहिला, मद्रासचा १९४८ चा, आपल्या महाराष्ट्राचा तर १९६७ चा. कोल्हापूरची मंडळी आहेत का कुणी? हं, तो बघा हात वर आला, टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी.

आता रंगनाथन. गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, पहिल्याच आठवड्यात कंटाळून परत गणिताकडे जायला निघाले होते. पुढे लंडनला शिकायला गेले तिथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात मेकॅनो बघितला, त्याच पट्ट्या, तेच नट-बोल्ट, त्यातून दरवेळी वेगळं खेळणं, आणि त्यांच्या डोक्यात द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे पुस्तकाचा विषय सुट्या भागांतून जोडायची पद्धत, शिरलं. ते १९३३ मध्ये छापून आलं, ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं त्याच्या दोन वर्षं आधी. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. आपण भिंतीवर फ्रेम करून लावतो, वाचत मात्र नाही नीट. नीट वाचा, तीन सूत्रांत ग्रंथ आहे, तीन सूत्रांत वाचक आहे, ग्रंथालय फक्त पाचव्यात आहे आणि तिथेही ते इमारत म्हणून नाहीये, वाढणारा जीव म्हणून आहे.

मग 'प्रलेखन' आलं, म्हणजे डॉक्युमेंटेशन. १९५२ मध्ये दिल्लीत इन्स्डॉक हे शास्त्रीय प्रलेखनाचं राष्ट्रीय केंद्र निघालं, त्या नावात डॉक्युमेंटेशन होतं, तेव्हाचा तो सगळ्यात नवा शब्द. २००२ मध्ये त्याचं निसकेअर झालं, २०२१ मध्ये निस्पर. आज कुठल्या एम.ए.च्या मुलाला प्रलेखन विचारा, तो अर्थाचा अंदाज बांधेल. अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठाने १९७४ लाच नावातून लायब्ररी काढून टाकलं, मिशिगनने १९९६ मध्ये. म्हणजे आपला प्रस्ताव काही नवा नाही, पन्नास वर्षं जुनी फॅशन आहे ती.

पण माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे आणि तो मी आज काढणार आहे. अध्यक्ष महाशय घड्याळ बघतायत, मला दिसतंय, पण हे सांगू द्या.

माझी एक विद्यार्थिनी, नाव सांगत नाही, मराठवाड्यातल्या छोट्या गावातली, वडील शेती करणारे. हुशार मुलगी. सूचीकरणाच्या प्रॅक्टिकलला तिचं काम मी बाकीच्या वर्गाला दाखवायचे. नेटची पात्रता परीक्षा पास झाली, सगळं झालं, एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा निघाली, जाहिरातीत लिहिलं होतं 'एम.लिब.', म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी. हिच्या प्रमाणपत्रावर काय, 'एम.एल.आय.एससी.', कारण मधल्या काळात विभागाचं नाव बदललं तसं पदवीचंही बदललं. छाननीत अर्ज बाजूला. लाल पेनने शेरा, 'पदवी जुळत नाही'. बस, तीन शब्द.

ती माझ्याकडे आली तेव्हा रडत वगैरे नव्हती, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आली होती, दहावीपासूनचा, सगळा साक्षांकित. मी तिच्याबरोबर त्या ऑफिसात गेले. क्लार्क काही वाईट माणूस नव्हता, मी हे मुद्दाम सांगते. त्याने जाहिरात टेबलावर ठेवली, शेजारी प्रमाणपत्र ठेवलं, आणि बोट फिरवत एकेक अक्षर जुळवून बघितलं. एम. जुळला. एल. जुळला. मग आय. आला आणि बोट थांबलं. म्हणाला, "मॅडम, मला कळतंय हो एकच असणार, पण माझ्याकडे यादीत नाहीये, उद्या ऑडिटला मी काय दाखवू?" काय उत्तर देणार! मी म्हटलं मी स्वतः शिकवलंय हिला, एकच अभ्यासक्रम आहे. तो म्हणाला, "तेच लिहून आणा की." मग समकक्षतेचं पत्र. विद्यापीठात अर्ज, मग फी, मग पावती, मग ते टेबल रजेवर, मग सही झाली पण शिक्का राहिला. पत्र हातात पडलं तोपर्यंत जागा भरून गेली होती. त्या मुलीने पुढे दोन वर्षं तासिका तत्त्वावर काढली. आज ती चांगल्या ठिकाणी आहे, तिचं तिने केलं, पण ती दोन वर्षं तिला कोण परत देणार? आम्ही इथे मीटिंगमध्ये चहा पीत पीत नाव बदललं, खूष झालो, फोटो काढला, आणि ते नाव बदलल्याचं पत्रक ज्या ऑफिसांत जायला हवं होतं तिथे कुणी पाठवलंच नाही. त्या मीटिंगला मीही होते, सही माझीही आहे, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे असं मी समजते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. ठीक आहे, ज्यासाठी बोलावलं ते आता पटापट सांगते.

नाव बदलायला हवं ते यासाठी की काम खरंच वाढलंय. आज आमची मुलं कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चालवतात, डीस्पेसवर डिजिटल संग्रह उभे करतात, शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध चढवतात, वाङ्मयचौर्य तपासतात, संशोधनाची उद्धरणं मोजतात. पण जवळ जाऊन बघा ती नेमकं काय करतायत. गेल्या वर्षी मुलं मोडी कागद स्कॅन करत होती, घडीवर फाटलेला कागद, काचेवर पसरायला दोन जण लागतात, एकाने श्वाससुद्धा हळू सोडायचा. स्कॅन झाला, पुढे? फाईलला नाव काय द्यायचं, आत उल्लेख आलेला माणूस कुठल्या नावाने नोंदवायचा? साधं उदाहरण घ्या, जोतीराव फुले, ज्योतिराव फुले, जोतिबा फुले, महात्मा फुले, चार जण चार नावांनी शोधणार आणि चौघांनाही तोच माणूस सापडला पाहिजे. याला आता मेटाडेटा म्हणतात, माझ्या वेळी साडेसात बाय साडेबारा सेंटीमीटरच्या सूचीच्या कार्डावर 'पाहा', म्हणजे या नावाऐवजी त्या नावाखाली बघा, असं लिहून पितळी दांडीत ओवायचो. ओसीएलसी या अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या संस्थेने शेवटची छापील कार्डं १ ऑक्टोबर २०१५ ला काढली. कार्ड गेलं, पण ते 'पाहा' गेलं नाही, ते अजून माणसालाच लिहावं लागतं.

म्हणून 'माहिती' या एकट्या शब्दावर माझा आक्षेप आहे. मराठीत माहिती म्हटलं की लोकांना काय आठवतं? माहितीचा अधिकार. खरंच सांगते, विभागाच्या पाटीवर माहितीशास्त्र वाचून एक गृहस्थ अर्ज घेऊन आले होते, सात-बाराची माहिती द्या म्हणून! (हशा) त्यांना मी बसवलं, कुठे जायचं ते कागदावर लिहून दिलं, आपलं कामच आहे ते. आणि अ‍ॅडमिशनच्या वेळी पालक विचारतात, आयटी ना हे, पॅकेज किती मिळतं. फक्त माहितीशास्त्र लिहाल तर आपण कॉम्प्युटर विभागाचे धाकटे भाऊ होऊन बसणार, आणि धाकट्या भावाला विद्यापीठात खोल्या किती मिळतात ते तुम्हाला माहीत आहे.

आणि 'ग्रंथ' हा शब्द का टाकायचा? लायब्ररी या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली झाडाची साल आहे, म्हणजे ज्यावर लिहिलं तो पदार्थ. आपला ग्रंथ तसा नाही. ग्रंथ म्हणजे गुंफलेलं, गाठ मारून बांधलेलं, ताडपत्राला भोक पाडून दोरा ओवायचे ना, तो. कागद असायलाच पाहिजे असं त्या शब्दात कुठेही नाही. एखाद्या विषयाच्या फाईली, नोंदी, फोटो, आवाज एकत्र ओवून कुणाला सापडतील असे ठेवले की तो ग्रंथच झाला. इंग्रजीवाल्यांना शब्द टाकावा लागला, आपला शब्द आधीच मोठा आहे. जुनं झालंय ते 'आलय'. घर. ते बडोद्याच्या पेटीपासूनच सुटत आलंय. म्हणून माझं म्हणणं, 'ग्रंथ आणि माहितीशास्त्र विभाग' असं नाव करा. आलय सोडा, ग्रंथ सोडू नका.

कुणीतरी म्हणेल गावातलं वाचनालय काय करायचं, पेपरचं टेबल, म्हातारी माणसं, स्पर्धा परीक्षेची पोरं. ते आहेच, ते राहणार, त्याच्या पाटीला कुणी हात लावत नाहीये, आपण विषयाचं नाव ठरवतोय.

इंग्रजी नाव आहे तेच ठेवा, लायब्ररी अँड इन्फर्मेशन सायन्स. नेटला विषय त्याच नावाने आहे, ५९ नंबरचा, ते बदललंत तर परत कुणीतरी पोरगी फोल्डर घेऊन दारोदार फिरणार. पदवीचं नाव अजिबात बदलू नका. आणि पाटी रंगवायच्या आधी समकक्षतेचं पत्रक काढा, जुनी सगळी नावं त्यात लिहा, सगळ्या कॉलेजांना, शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयांना, सेवायोजनला पाठवा, पोच घ्या, पोच फाईलला लावा. मग पाटी. लोक काय, नवीन नाव बोलायला वेळ घेतात, माटुंग्याच्या आयसीटी या केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेला आजही कित्येक जण जुन्या नावाने यूडीसीटीच म्हणतात आणि त्याने कुणाचं काही अडत नाही, अडतं ते क्लार्कच्या यादीत नसलं की.

अजून एक होतं, पहिल्या सेमिस्टरला प्रत्येक मुलाने आठवड्यात दोन तास संदर्भसेवेच्या टेबलावर बसावं याबद्दल, पण ते राहू दे, अध्यक्ष उभे राहिले.

फक्त एवढंच, बाहेर चहाच्या टेबलाशेजारी निवेदन ठेवलंय. ज्यांना पटलंय त्यांनी सही करा, ज्यांना पटलं नाही त्यांनी चहा घेताना माझ्याशी भांडा, मी थांबणार आहे. सही करताना नावापुढे आपली पदवी प्रमाणपत्रावर छापलीय तश्शीच लिहा. बी.लिब. असेल तर बी.लिब., बी.एल.आय.एससी. असेल तर तसं, कुणाचा डिप्लोमा असेल तर डिप्लोमा. एका विभागातून बाहेर पडलेल्या माणसांकडे किती नावांच्या पदव्या आहेत ती यादी मला विद्या परिषदेपुढे ठेवायची आहे.