छेदात कोण आहे?

[पडद्यावर: तपासणी-कार्डाचा एक कोपरा. शेवटच्या पाळीची तारीख, त्याखाली लशीची तारीख.]

गर्भारपणात दिलेल्या लशीने अपाय झाला का, हे तपासायचं तर सुरुवात तारखांपासून होते. एका बाईची शेवटची पाळी १ मार्चला सुरू झाली. लस दिली १९ एप्रिलला. मधले दिवस ४९, म्हणजे बरोबर सात आठवडे. आता याच बाईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट बघा. अकराव्या आठवड्याच्या सुमारास भ्रूणाची माथ्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजली, तर गर्भ पाळीच्या तारखेपेक्षा नऊ दिवसांनी मागे निघाला.

नऊ दिवसांनी काय बिघडतं? गर्भारपणाचे आठवडे पाळीपासून मोजतात, पण प्रत्यक्ष गर्भाचं वय त्याहून साधारण दोन आठवड्यांनी कमी असतं. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते. पाळीची तारीख धरली, तर लशीच्या दिवशी गर्भ ३५ दिवसांचा होता आणि नलिका मिटून गेली होती. सोनोग्राफी धरली, तर तो २६ दिवसांचा होता आणि नलिका अजून उघडी असू शकते. समजा बाळाच्या कण्यात व्यंग निघालं. पहिल्या हिशेबाने लशीचा त्याच्याशी संबंध लागत नाही, आणि दुसऱ्या हिशेबाने तो तपासल्याशिवाय सोडता येत नाही.

एवढा फरक दिसला की तारीख सोनोग्राफीप्रमाणे दुरुस्त करतात. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत चूक झाली तरी पाच-सात दिवसांची असते. तिसऱ्या तिमाहीत पहिल्यांदाच सोनोग्राफी झाली, तर हीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे ‘दुसऱ्या तिमाहीत लस दिली’ एवढंच लिहून आलेल्या नोंदीचा फारसा उपयोग होत नाही. लशीचं नाव, डोस कितवा, तारीख, बॅच नंबर, पाळीची तारीख, पहिल्या सोनोग्राफीची तारीख आणि तिने दाखवलेलं वय, लशीनंतर ताप आला का आणि किती आला, हे सगळं हवं. तापाचा रकाना बरेचदा कोराच राहतो, आणि तो कोरा राहू नये असं आमचं ठाम मत आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत आईला आलेल्या जोराच्या तापाचा मज्जानलिकेच्या व्यंगांशी संबंध आढळलेला आहे, मग तो ताप फ्लूचा असो वा आणखी कशाचा. ताप नोंदवला नसेल, तर लस आणि ताप पुढे कधीच वेगळे काढता येत नाहीत.

[पडद्यावर: प्रयोगशाळा. मग रिकामी नोंदवही.]

हा सगळा खटाटोप लस बाजारात आल्यावर का करायचा? कारण बहुतेक लशींच्या मोठ्या चाचण्यांत गर्भवतींना घेतलेलंच नसतं. प्राण्यांवरच्या प्रजनन-चाचण्या झालेल्या असतात, आणि चाचणी चालू असताना ज्यांना दिवस गेले अशा थोड्या स्त्रियांची माहिती हाती असते. बाकीचं चित्र पुढच्या नोंदींतूनच उभं राहतं.

आणि त्या नोंदी वाचायच्या तर लस नसतानाही काय घडतं, ते आधी माहीत हवं. दिवस गेल्याचं कळलेल्या दर १०० गर्भारपणांपैकी १० ते २० गर्भपातात संपतात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. जन्मणाऱ्या दर १०० बाळांत साधारण ३ बाळांना मोठं जन्मजात व्यंग असतं. जगभरात दर दहातलं एक बाळ ३७ आठवडे पुरे होण्याआधी येतं. लाखभर गर्भवतींना कुठलीही लस दिली, तरी त्यानंतरच्या महिन्यांत यांतल्या हजारो घटना घडणारच. त्या लशीनंतर घडल्या हे खरं. लशीमुळे घडल्या का, हा हिशेब अजून व्हायचा असतो.

लशीनंतरच्या तक्रारी गोळा करणाऱ्या, अमेरिकेत १९९०पासून चालू असलेल्या व्हेअर्ससारख्या यंत्रणेत डॉक्टर, घरचे, कोणीही तक्रार नोंदवू शकतं. कधी न पाहिलेला प्रकार किंवा एकाच बॅचभोवती साचलेल्या तक्रारी तिथे आधी दिसतात. पण लस घेऊन सुखरूप बाळंत झालेली बाई तिथे कशाला फिरकेल? घटना किती हा अंश मिळतो, पण त्या एकूण किती जणींपैकी हा छेद मिळत नाही. अशा यंत्रणेतल्या आकड्यांवरून ‘अमुक टक्के’ असं कोणी सांगू लागलं, की छेद कुठून आणला ते विचारावं.

[पडद्यावर: ८२%. आकडा स्थिर.]

२०२१ साली हा आकडा जगभर फिरला. कोविडची लस घेतलेल्या गर्भवतींपैकी ८२ टक्क्यांचा गर्भपात झाला, असा दावा होता. आकडा आला होता न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या एका खऱ्याखुऱ्या निबंधातून. त्यात ८२७ पूर्ण झालेल्या गर्भारपणांची नोंद होती आणि त्यांत १०४ गर्भपात. ८२७पैकी ७०० जणींनी लस तिसऱ्या तिमाहीत घेतली होती. त्यांचा गर्भपात होणं शक्यच नाही, कारण गर्भपात म्हणतात तो विसाव्या आठवड्याआधीचा, आणि त्या त्याच्या कितीतरी पुढे गेलेल्या. मग टीकाकारांनी ७०० वजा केले. उरल्या १२७. १०४ भागिले १२७, झाले ८२ टक्के.

वजाबाकी चोख आहे, तरी उत्तर चूक. ‘पूर्ण झालेलं गर्भारपण’ म्हणजे काय, ते बघा. निबंधातली लसीकरणं १४ डिसेंबर २०२० ते २८ फेब्रुवारी २०२१ या काळातली. त्या काळात आठव्या आठवड्यात लस घेतलेली बाई वसंतात बाळंत होणं अशक्यच होतं. तिचं गर्भारपण एवढ्यात ‘पूर्ण’ व्हायचं, तर ते गर्भपातानेच होणार. ज्यांचं सगळं नीट चाललं होतं त्या अजून गरोदरच होत्या, आणि म्हणून छेदात नव्हत्या. लस घेतलेल्या गर्भवतींच्या ज्या नोंदणीतून हे आकडे आले, एकट्या तिच्यात ३,९५८ स्त्रिया होत्या आणि हिशेबात आल्या ८२७. निबंधातला मूळचा १२.६ टक्के हा दरही त्याच कारणाने टिकण्याजोगा नव्हता, आणि नियतकालिकाने नंतर दुरुस्ती छापली.

बरोबर हिशेब आठवड्या-आठवड्याचा असतो. जी बाई नवव्या आठवड्यात लस घेते, ती नवव्या आठवड्यापासून मोजणीत येते, त्याआधी नाही. दहाव्यात किती जणी अजून गरोदर, त्यांतल्या किती जणींचा त्या आठवड्यात गर्भपात झाला. मग अकरावा, मग बारावा. अशा रीतीने २,४५६ स्त्रियांचा हिशेब त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. सहा ते वीस आठवड्यांत गर्भपाताची एकूण शक्यता १४.१ टक्के, आणि वयाचा फरक जमेस धरून १२.८ टक्के निघाली. लशीविना जेवढी अपेक्षित असते तेवढीच.

छेद चुकला की लस उगाच गुणकारीही दिसते. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याच्या लशीचा १,२३,४९४ बाळंतपणांवरचा अभ्यास २०१४ साली अमेरिकेत झाला. अकाली प्रसूती लस घेतलेल्यांत ६.३ टक्के, न घेतलेल्यांत ७.८ टक्के. वाटेल की लशीने अकाली प्रसूती टळते. पण ३४व्या आठवड्यात लस घ्यायची, तर ३४व्या आठवड्यापर्यंत गरोदर असावं लागतं. जी ३१व्यातच बाळंत झाली, तिला लस घ्यायला वेळच मिळाला नाही. ती आपोआप ‘न घेतलेल्यां’त जमा. हे लक्षात घेऊन गणित मांडलं तेव्हा जोखमीचं गुणोत्तर १.०३ आलं, म्हणजे फरक नाही. याच अभ्यासात गर्भवेष्टनाच्या, म्हणजे गर्भाभोवतीच्या आवरणाच्या, जंतुसंसर्गाचं निदान मात्र लस घेतलेल्यांत थोडं जास्त निघालं, ६.१ टक्के, तर न घेतलेल्यांत ५.५ टक्के. तेही छापलं गेलं. त्या संसर्गापायी वाढायला हवी अशी अकाली प्रसूती वाढलेली नव्हती.

[पडद्यावर: दोन स्तंभ, शेजारी शेजारी भरत जाणारे.]

किती बायकांची नोंद पुरेशी? मोठ्या व्यंगांचं ३ टक्के हे प्रमाण दुप्पट झालं तर ते ८० टक्के खात्रीने पकडायला दोन्ही गटांत साधारण ७५०-७५० जणी लागतात. हजारात एखाद्या बाळाला होणारं एकच विशिष्ट व्यंग दुप्पट झालेलं पकडायचं, तर दर गटात सुमारे २३,५००. त्याही पहिल्या तिमाहीत लस घेतलेल्या, कारण अवयव तेव्हा घडतात. तिसऱ्या तिमाहीतल्या हजारो नोंदी इथे कामाच्या नाहीत. फक्त जिवंत जन्मलेली बाळं मोजली तर आणखी एक फट राहते. अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत मोठं व्यंग दिसल्यावर काही गर्भारपणं तिथेच थांबवली जातात, आणि ती मोजणीतून निसटतात.

व्याख्यांचा घोळ वेगळाच. २५व्या आठवड्यात पोटातच दगावलेलं बाळ अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये उपजत मृत्यूंत धरतात, कारण तिथल्या मर्यादा अनुक्रमे २० आणि २४ आठवड्यांच्या. जागतिक आरोग्य संघटना आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी २८ आठवडे धरते. तिथे ते बाळ मोजलंच जात नाही. लशींच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या ब्रायटन कोलॅबोरेशनच्या पुढाकाराने २०१४ साली सुरू झालेल्या ‘गाया’ प्रकल्पाने गर्भारपणातल्या अशा घटनांच्या सामाईक व्याख्या लिहिल्या, आणि प्रत्येकीला खात्रीच्या पातळ्या दिल्या. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीने पक्कं झालेलं गर्भाचं वय वरच्या पातळीवर. हाताने पोट तपासून काढलेला अंदाज खाली.

[पडद्यावर: आरएसव्ही विषाणू. दोन कुप्या, लेबलं झाकलेली.]

शंका खरी निघते तेव्हा काय होतं, हे आरएसव्हीच्या लशींत दिसलं. हा विषाणू तान्ह्या बाळांची फुप्फुसं पकडतो, म्हणून आईला लस देऊन बाळाला प्रतिपिंडं पुरवायची. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या लशीची चाचणी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली होती, म्हणून छेद दोन्हीकडे स्वच्छ. अकाली प्रसूती लशीच्या गटात ६.८ टक्के, दुसऱ्या गटात ४.९ टक्के. लस बाळांना वाचवत होती, तरी फेब्रुवारी २०२२मध्ये लस देणं थांबवलं गेलं. वाढीचं कारण उलगडलेलं नाही.

फायझरच्या लशीच्या चाचणीत हेच आकडे ५.७ आणि ४.७ टक्के होते. फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान, पण दिशा तीच. चाचणीत लस २४ ते ३६ आठवड्यांत दिली होती. ऑगस्ट २०२३मध्ये अमेरिकेने मंजुरी दिली ती ३२ ते ३६ आठवड्यांपुरतीच, म्हणजे फार अकाली प्रसूतीचा काळ उलटून गेल्यावरच सुई टोचली जाते. सोबत कंपनीवर अट घातली की लस वापरात आल्यावर अकाली प्रसूती आणि गर्भारपणातला वाढलेला रक्तदाब यांचा अभ्यास करायचा. असल्या अभ्यासात ३३व्या आठवड्यात लस घेतलेल्या बाईच्या शेजारी ठेवायची, ती ३३व्या आठवड्यात अजून गरोदर असलेली आणि लस न घेतलेली बाई.